लीडरच्या मागची जागा

गाडी कलंडली ती शोरूमच्या दारातच. श्रीनिवासरावांनी हँडल सोडलं नाही, त्यामुळे गाडीपाठोपाठ तेही फरशीवर. टेस्ट राइड सुरू व्हायच्या आधीच संपली. मेकॅनिकनी आधी गाडी उभी केली, मग श्रीनिवासरावांना. अपेक्षा नावाच्या सेल्समधल्या मुलीने अगदी गोड आवाजात विचारलं, की सर, यूज नक्की कशासाठी आहे, डेली की टूरिंग?

तीच तर सगळी बोंब होती. श्रीनिवासराव राहायला शनिवार पेठेत आणि नोकरी वाघोलीच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेत. थंडीत अंधार असतानाच निघावं लागे. जुनी मोटरसायकल तेव्हा हटून बसायची. चोक ओढा, किका मारा, पुन्हा किका मारा. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तर गजर लावणंच सोडून दिलं होतं, तुमच्या किकांनी जाग येते म्हणाल्या. यंदाच्या थंडीत इंजिन बसलं ते बसलंच. गल्लीतला मेकॅनिक म्हणाला, आता हिला खोलायलाही सांगू नका. त्यांच्या बायकोचं, हेमाताईंचं, म्हणणं होतं की सरळ स्कूटर घ्यावी. बटण दाबलं की चालू, गुडघ्यांना वारा लागणार नाही आणि मंडईतली पिशवी पायाशी राहील. यात खोटं काहीच नव्हतं.

पण रविवार होता ना. रविवारी त्यांचा ग्रुप निघायचा, सगळे पन्नाशी ओलांडलेले. लीडर वाघोलीचे आप्पासाहेब, झुपकेदार मिशा आणि खाली म्हशीएवढी गाडी. ग्रुपचा एक नियम होता. ज्याची गाडी सगळ्यात हळू, त्याने लीडरच्या लगेच मागे चालायचं, आणि लीडरने त्याच्या वेगाने. म्हणजे कुणी मागे पडत नाही. ती जागा कायम श्रीनिवासरावांची. शाळेत मठ्ठ पोराला पहिल्या बाकावर बसवतात, तसं त्यांना वाटायचं.

मागच्या सहलीत घाटात चहाला थांबले होते. ग्रुपमधला सुदर्शन बायकोला फोनवर सांगत होता, की काय करणार, श्रीनिवासराव बरोबर आहेत, उशीर होणारच. श्रीनिवासरावांनी ते ऐकलं आणि अर्धा चहा तसाच ठेवला. आज ना उद्या कोणीतरी तोंडावर सांगणार होतं, की तुम्ही आपले आता घरीच बसा. कॉलेजात ते लॅबवाले काका, नाव कुणाला ठाऊक नाही. घरी हेमाताई शिकवण्यांत बुडालेल्या. रविवारी मात्र सगळे गाड्या चालू करून उभे राहायचे आणि विचारायचे, श्रीनिवासराव आले का? ते आल्याशिवाय निघताच यायचं नाही. वाट बघणारं एवढंच एक ठिकाण उरलं होतं, तेही हातचं चाललं होतं. म्हणून मोठी गाडी. घाटात सुसाट जाईल अशी. या रविवारच्या आत.

ते पुन्हा सीटवर चढले. एका पायाचा चवडा कसाबसा टेकला, दुसरा अधांतरी. कपाळावरून घाम ओघळत होता आणि शोरूममध्ये एसी चालू होता. गाडी पसंत करायला त्यांनीच आप्पासाहेबांना फोन करून बोलावलं होतं. नेमके तेव्हाच आप्पासाहेब आत आले. त्यांनी सोललेलं कोपर पाहिलं, गाडीवरचा ओरखडा पाहिला.

श्रीनिवासरावच बोलायला लागले आणि त्यांना थांबता येईना. जमेल म्हणाले. मैदानावर जाऊन रोज सराव करीन, उंच टाचांचे बूट घेईन. माझ्यामुळे यापुढे कुणाला हळू जावं लागणार नाही.

“मला सगळ्यात शेवटी ठेवा,” ते म्हणाले, “पण काढू नका हो.”

आवाज चिरकला. अपेक्षाने खाली बघितलं आणि पाणी आणायचं निमित्त करून ती निघून गेली. स्वतःच्याच बोलण्याची श्रीनिवासरावांना लाज वाटली, पण आता शब्द परत घेता येणार नव्हते.

आप्पासाहेबांनी कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे एक साधी, बुटकी मोटरसायकल उभी होती. ऑफिसला जाणारे घेतात तसली, बटण दाबलं की चालू होणारी. ती घ्या म्हणाले.

झालं. रविवार संपले. श्रीनिवासराव मुकाट्याने मोठ्या गाडीवरून उतरले. एवढी वर्षं बरोबर फिरलो, निदान घरी येऊन सांगायचं होतं, असं त्यांच्या मनात आलं. ते तसेच दाराकडे निघाले.

आप्पासाहेबांनी त्यांचा दंड धरला. आजूबाजूला कोणी नाही हे एकदा बघून घेतलं आणि जर्किनची चेन खाली ओढली. आत पोटापासून बरगड्यांपर्यंत कमरेचा पट्टा आवळलेला होता. चार महिने झाले, म्हणाले. मणक्यात गॅप हाय. डॉक्टर गाडीला हात लावू नका म्हणतो. सुदर्शनला वळणावर घेरी येते. बाकीच्यांचंही असंच काहीबाही, कुणी घरी बोलत न्हाई. बोललं की चावी गेली.

श्रीनिवासराव दाराकडून मागे वळले.

“तुमी जोरात पळायला लागले,” आप्पासाहेब खालच्या आवाजात म्हणाले, “तर आमी हळू का जातो, म्हणून घरी कुणाचं नाव सांगायचं?”