वळणापलीकडची शिट्टी

डोंगरातल्या त्या अरुंद ओढ्यात वर्षभर कुणी चुकूनही होडी घालत नसे. शाळेची बस चालवणाऱ्या त्या बाईला नेमकं तेच आवडलं आणि सुट्टीच्या दिवशी ती एकटीच कयाक घेऊन तिथे गेली. आई जिवाला घोर लावून घेईल, म्हणून घरी तिने नेहमीच्या शांत नदीचंच नाव सांगितलं होतं. तिसऱ्याच उतारावर पाण्याने तिला उलटंपालटं केलं. कयाक वाहून गेली, घोटा सुजून टम्म झाला आणि दोन्ही बाजूंना सरळसोट कडे. कुणी शोधायला निघालंच, तरी ते भलत्याच नदीवर जाणार होतं!

लाइफ जॅकेटला बांधलेली शिट्टी तिने तीनदा फुंकली. मग पुन्हा तीनदा. हुडहुडी भरून दात वाजायला लागले, तेव्हा कुठे खालच्या वळणापलीकडून उत्तर आलं. तीन शिट्ट्या! तिला रडूच फुटलं. "आले, आले हं!" असं ओरडत, खडकांवरून बसून सरकत, पाण्यात आपटत ती तासाभराने वळणापलीकडे पोचली.

तिथे एका दगडावर लाइफ जॅकेट घातलेले एक आजोबा कुडकुडत बसले होते. तिला पाहताच त्यांनी हात जोडले.



"देवासारख्या धावून आलात, ताई! कालपासून शिट्टी फुंकतोय मी. बाकीची माणसं दोर घेऊन मागून येतायत ना?"