पितळी बाहुली

विंगेतल्या खुर्चीवर शरयूबाई मांडीवर पारितोषिकाची पितळी बाहुली घेऊन गुडघा चोळत बसल्या होत्या. या चित्रपट महोत्सवाचं अगदी पहिल्या वर्षीचं अभिनयाचं पारितोषिक त्यांनाच मिळालं होतं. पुढच्या वर्षीपासून ते त्यांच्याच हातून द्यायची रीत पडली. ही बत्तिसावी खेप. बाहुली दरवर्षी तेवढ्याच वजनाची, पण आताशा उचलवत नव्हती.

वेळ जाईना म्हणून त्यांनी स्मरणिका चाळली. आजवरच्या मानकऱ्यांच्या यादीत पहिल्या वर्षासमोर छापलं होतं, ‘माहिती उपलब्ध नाही’. त्यांचं नाव होतं, पण शेवटच्या पानावर, आभारांत, मांडववाल्याच्या खाली.

कुणाला तरी चांगलं झापावं असं वाटलं, पण त्यासाठी उठावं लागलं असतं. तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा मात्र उठावंच लागलं.

बाहुली हातात पडताच यंदाची विजेती त्यांच्या पाया पडली आणि हळूच म्हणाली, "आजी, तुम्हीपण कधी सिनेमात काम केलंय का?"

"एकदा केलं होतं गं," शरयूबाई टाळ्या थांबायची वाट बघत म्हणाल्या. "त्यानंतर हेच काम मिळालं."