पाच फूट दहा इंच

नववी 'ब'च्या एकतीस मुलींची उंची एकसारखी निघाली. पाच फूट दहा इंच.

आरोग्य तपासणीला आलेल्या कुमुदिनी सिस्टरनी सगळे दोरे प्रयोगशाळेच्या टेबलावर पुन्हा शेजारी शेजारी लावले. एकही बोटभर पुढे नाही की मागे नाही. प्रत्येकाला नावाची चिठ्ठी होती आणि प्रत्येकाला गाठ होती. गाठ म्हणजे पास. उंचीएवढा दोरा कापायचा, दुमडून अर्धा करायचा आणि बेंबीच्या रेषेत पोटाभोवती घ्यायचा. टोकं भेटली तर गाठ मारायची, नाही भेटली तर तसाच ठेवायचा. पोटावर चरबी जास्त साठतेय का, याचा एवढ्यावरून अंदाज येतो. सिस्टर अंबरनाथच्या बारा शाळा फिरल्या होत्या. अख्खा वर्ग पास झालेला त्यांनी कुठेच पाहिला नव्हता. आणि एवढ्या उंच मुली असत्या तर शाळेत बास्केटबॉलचा एखादा तरी कप दिसला असता.

त्या दोरे घेऊन वर्गावर गेल्या.

"कुणी कापले हे?"

एकतीस चेहरे निरागस झाले.

"आम्हीच, सिस्टर. जिचा तिने," पहिल्या बाकावरची सोनिया म्हणाली. वर्गातली सगळ्यात बुटकी मुलगी. बुवापाड्यातून यायची. काडीसारखे हातपाय, ढगळ शर्ट आणि तोंड दिवसभर चालू.

"तुझी उंची पाच फूट दहा?"

"वाढतं वय आहे ना, सिस्टर."

वर्ग खिदळला. सिस्टरनाही हसू येत होतं, पण त्यांनी ते गिळलं. पाच फूट दहा इंचाचा माणूस त्यांनी आज सकाळीच मापला होता. पीटीचे साईनाथ सर. मुलींना कसं मापायचं ते दाखवायला सिस्टरनी त्यांनाच उभं केलं होतं. डोक्यापासून टाचेपर्यंत दोरा कापून झाला. तो दुमडून पोटाकडे नेला, तेवढ्यात सरांना एक अर्जंट फोन आठवला. दोरा बाकावरच राहिला. पुढची पंधरा मिनिटं सिस्टर शेजारच्या वर्गात होत्या.

तेवढी पंधरा मिनिटं सोनियाला पुरली होती. तिची आई रंजना उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात कापणीला होती. पहिला पीस मापाने कापायचा, बाकीचे त्याच्यावर ठेवून, हे सोनिया चालायला लागल्यापासून बघत आलेली.

"नाव सांगा, नाहीतर मुख्याध्यापकांकडे चला," सिस्टर म्हणाल्या.

मागच्या बाकावरून मैत्रेयी उभी राहिली. उंच, रुंद खांद्यांची, मान खाली घातलेली.

"सिस्टर, माझ्यामुळे केलं त्यांनी."

मग तिने सगळं सांगितलं. मागच्या वर्षी शाळेत वजनकाटा आला होता. मैत्रेयीचं वजन चौसष्ट किलो भरलं. साईनाथ सरांनी प्रार्थनेच्या वेळी जाड मुलांची यादी माइकवर वाचली. दुपारपर्यंत तिचं नाव 'टँकर' पडलं होतं. कबड्डीत तालुक्यापर्यंत गेलेली मुलगी. त्या दिवसापासून ती मैदानावर उतरलीच नाही. यंदा मापं घेणार असं कळल्यावर तिने घरीच बसायचं ठरवलं होतं.

"ही सोनिया म्हणाली, तू ये बिनधास्त. पास तर सगळ्या, नाहीतर कुणीच नाही."

सोनिया बाकाखाली काहीतरी शोधायला लागली.

दारात साईनाथ सर आले. "झाली का यादी? उद्या प्रार्थनेला वाचून टाकू."

"यादी निघणार नाही, सर," सिस्टर म्हणाल्या. "हा नुसता अंदाज असतो, निकाल नव्हे. ज्याचं त्यालाच सांगायचं असतं. आणि सकाळी तुमचं माप अर्धंच राहिलं. येताय का?"

सरांना मैदानावर काम होतं.

सिस्टरनी दोरे गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि प्रयोगशाळेत पुन्हा मापं घ्यायला बसल्या. या वेळी एकेकीला आत घेतलं, दार लावून घेतलं, चिठ्ठ्या नाहीत. मैत्रेयी काही केल्या एकटी आत जाईना. म्हणून सोनियाही शिरली.

मैत्रेयीने डोळे मिटले. सिस्टरनी तिच्या उंचीचा दोरा कापला, दुमडला आणि पोटाभोवती घेतला. टोकं भेटली. भेटून एकमेकांच्या चार बोटं पुढे गेली.

"उघड डोळे. हे बघ."

मैत्रेयीने बघितलं. मग दोरा स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा लावला. पुन्हा सोडला, पुन्हा लावला.

"पण चौसष्ट किलो, सिस्टर?"

"काट्याला काय कळतं? तो हाडं, स्नायू, सगळंच मोजतो. कबड्डीचं अंग आहे तुझं. कुणी सांगितलं तुला जाड?"

सोनियाने टेबलावर थाप मारली. "बघ! बोलले होते ना, टेन्शन नको घेऊ! उगाच एकतीस दोरे कापायला लावलेस मला!"

"आता तू ये," सिस्टर म्हणाल्या.

"माझं काय मापता, सिस्टर? पंखा लावला तरी उडते मी."

तरी ती ऐटीत उभी राहिली. सिस्टरनी तिच्या उंचीचा दोरा कापून दिला. जेमतेमच भरला. तिने तो स्वतःच दुमडला, शर्टाखालून पोटाभोवती घेतला आणि ओढला. मग जरा जास्त ओढला. मग छाती फुगवून पोट आत घेतलं आणि दात खाऊन ओढला.

दोन बोटं कमी पडत होता.

मैत्रेयी वाकून अगदी जवळून बघत होती.

"श्वास सोड," ती म्हणाली.

सोनियाने सोडला. तीन बोटं झाली.