थोरल्याचं पाऊल

माझा धाकटा दोन घोटांतच लुढकतो. काल पार्टीत पडून गुडघा फोडून आला, म्हणून आज कान धरून त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. "ह्याची दारू सोडवा," मी म्हटलं. "नाहीतर हा थोरला बघा! अख्खी बाटली रिचवतो, पण पाऊल वाकडं पडत नाही. माझ्यावर गेलाय."

बाईंनी धाकट्याला पट्टी बांधून बाहेर बसवलं आणि खाटेवर थोरल्याला बोलावलं. मला काही उमजेना.

"अहो बाई, पडतो तो हा नव्हे!"

बाईंनी थोरल्याला हात पुढे करायला लावले. ते लटलट कापत होते.

"उपाशी आहेस का रे?" मी विचारलं.

"नाही गं आई. तू सोबत होतीस ना, म्हणून सकाळची राहिली."

"सकाळची काय?"