कोपराखाली

"अगं, कापड घट्ट धर, रेघ हलेल!" लग्नानंतर याच टेबलापाशी शिंपीमास्तर पहिल्यांदा दरडावले होते. तो खणखणीत आवाज आज उगाचच बायकोच्या कानात घुमला. आताचा आवाज जिभेवर ठेचकाळत यायचा.

"पोस्टमन... आले?"

"आलोय की!" पोस्टमनने शर्टाचं कापड टेबलावर ठेवलं. "दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही याला. माप मात्र नवं घ्या, मास्तर. पोट सुटलंय."

"पोट नाही... सुटत. कापड... आटतं."

तिघंही हसले. मास्तर अर्ध्याच ओठांनी.

अर्धांगाच्या झटक्यात लुळा पडलेला मास्तरांचा उजवा हात बायकोने टेबलावर आणला. बोटांत खडू दिला, बोटं मिटली आणि रोजच्यासारखा आपला तळवा कोपराखाली सरकवला.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, नुसता आधार द्या, उचलू दे त्यांनाच. पण पहिल्याच दिवशी मास्तर त्या हाताकडे परक्यासारखे बघत बसले. तिला बघवेना. तिने खालून हळूच लोटलं. त्या हाताला स्पर्श कळतच नव्हता. हात वर गेला तसे मास्तर म्हणाले, "बघि...तलंस?"

"बघितलं," ती म्हणाली.

मग रोज रद्दीच्या कागदावर रेघा उमटू लागल्या. बाहीची गोलाईसुद्धा. मास्तर रोज विचारायचे, ती रोज तेच सांगायची. आज खऱ्या कापडावर रेघ उमटली की उद्या दुकान उघडायचं, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

खडूचं टोक कापडावर टेकलं.

"काढ... तुझा हात."

ती हलली नाही.

"सोडा की, वहिनी," पोस्टमन म्हणाला. "जन्मभर धरून ठेवणार का काय मास्तरांना?"

"राहू द्या. चांगलं कापड आहे, उगाच..."

"काढ... म्हटलं ना! माझं मी... ओढतो."

तिच्या तळव्यावर हाताचा सगळा भार होता, झोपलेल्या लेकराचा असतो तसा. मास्तरांच्या कपाळावर घाम आला होता आणि डोळे हसत होते.

"अहो," ती म्हणाली, "सोडला तर पडेल हो तो. एकदाही तुम्ही नाही उचललात. रोज मीच उचलत होते."