पक्कं उत्तर

धरणातून पाणी सुटलं होतं. गोदावरी किती चढेल, याची हजारो समीकरणं तेजलच्या कॉम्प्युटरला एकदम सोडवायची होती. ती झटपट, ढोबळपणे सोडवणाऱ्या प्रोग्रामने, म्हणजे सॉल्व्हरने, लगेच सांगितलं, पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे पूर ज्यावरून मोजतात त्या मूर्तीच्या, गळ्याला लागणार. तेजलने लगेच फोन उचलला. तिची आई, लताबाई, घाटालगतच्या खोलीत एकटीच होती.

पण गेल्या वर्षी याच सॉल्व्हरच्या भरवशावर तिने आईला नदीपासून लांब, सिडकोत मावशीकडे पळवलं होतं, आणि पाणी मारुतीच्या गुडघ्यावर चढलंच नव्हतं.

"पुन्हा पळू का गं?" फोनवर लताबाईंनी चिडवलं. "मावशी अजून हसते मला."

"थांब आई, या वेळी पक्कं सांगते," म्हणून तेजलने सावकाश चालणारा, पण अचूक सॉल्व्हर लावला आणि पडद्याकडे डोळे लावून बसली.

दुपार कलल्यावर उत्तर आलं. मारुतीच्या गळ्यापर्यंतच.

तिने फोन लावला. पुन्हा लावला. लागेना. तेवढ्यात आईचा मघाशी येऊन पडलेला आवाजी निरोप दिसला.


"तेजू, मारुतीची कंबर बुडाली गं. शेजारचे सगळे गेले. मी थांबलेय, तू पक्कं सांगणार आहेस ना."