चटईचा मान

रविवारच्या नाचात लागीच्या डोक्यावर पिसांचा जड मुकुट चढणार होता. मान झुकली की तो पडलाच. म्हणून सेफिनामावशी तिला घराच्या खांबाला पाठ टेकवून उभी करी. “हनुवटी आत, पोरी. आता तश्शीच चाल.”

लागी ताठ निघाली, पण आजोबांच्या रिकाम्या चटईपुढे वाकून “तुलोऊ” पुटपुटलीच.

“अगं, गेलेल्या माणसाला कसलं ‘माफ करा, पुढून जाते’? मला नाच त्यांनीच शिकवला. म्हणायचे, मान वाकवून मला मान देऊ नकोस!”

लागी हसत समुद्राकडे पळाली. मावशीही निघाली. चटईपुढे येताच ती आपसूक वाकली.

“हनुवटी आत, सेफिना,” रिकाम्या घरात कुणीतरी म्हणालं.